१५० ते २५०

"घरात कुणाला हार्टचं काही?" डॉक्टरने विचारलं आणि मी ३१ वर्षं पाठ असलेलं उत्तर देऊन टाकलं. "बाबा अटॅकने गेले, एक्कावन्नाव्या वर्षी. पण त्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं हं." हा 'पण' मी का लावते, मलाच ठाऊक नाही. बाबांची बाजू घ्यायची जुनी सवय असेल. डॉक्टर अगदी कोवळा पोरगा, पाचपाखाडीत नुकताच दवाखाना थाटलेला, टेबलावर अजून उद्घाटनाचा गणपती आणि त्याच्या पायाशी सुकलेली शेवंती. त्याने कीबोर्डवरचे हात न उचलता विचारलं, "नॉर्मल म्हणजे किती?"

मला सांगता येईना. आकडा कधी माहीतच नव्हता. 'नॉर्मल' एवढाच शब्द घरात होता. बाबा गेले त्या दिवशी जमलेल्या बायकांना आई हाच शब्द सांगत होती, तेराव्यालाही हाच, आणि पुढे वर्षानुवर्षं, भेटेल त्याला. "अहो, कंपनीत तपासलं होतं ना, सगळं नॉर्मल." त्या शब्दात तक्रार होती आणि समाधानही होतं. आमच्या हातून काही राहून गेलं नाही, हे तो शब्द सांगायचा. डॉक्टरने खांदे उडवले आणि माझ्या रिपोर्टकडे वळला. एकूण कोलेस्टेरॉल २१९. ठळक अक्षरात, शेजारी चांदणी. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३९, त्यालाही चांदणी. एचडीएल, म्हणजे चांगलं, ४४, त्याला खाली जाणारा बाण. "बॉर्डरलाइन आहे मॅडम," तो म्हणाला, "घाबरण्यासारखं नाही, पण बाबांचं वय पाहता जरा लक्ष द्यायला हवं." बाबांचं वय! मी आता ५२ वर्षांची आहे. बाबांपेक्षा मोठी.

त्याचा तो "किती?" मात्र माझ्यामागे लागला. भाजी निवडताना, झोपताना, ढोकाळीच्या सिग्नलला रिक्षात बसल्या बसल्या. किती होतं?

योगायोगाने नौपाड्यातलं आमचं जुनं घर याच महिन्यात रिकामं करायचं होतं. बिल्डिंग पाडणार, टॉवर होणार, आईने दोन वर्षं कुरकुर करून शेवटी सही केलेली. त्यामुळे माळा उपसायचाच होता. आई खालून सूचना देत होती आणि मी शिडीवर उभी राहून एकेक वस्तू खाली सोडत होते. पितळी घंगाळ, चकलीचा सोऱ्या, तीन पाटे, एक वरवंटा (बाकीचे दोन कुठे गेले यावर दहा मिनिटं चर्चा), आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, बाबांची हिरवी बॉक्स फाइल. तिच्यात झुरळांच्या अंड्यांसकट विजेची बिलं, विम्याच्या पावत्या, पीएफच्या स्लिपा, रॉकेलच्या कार्डाची झेरॉक्स. बाबा कागद फेकायचे नाहीत. आणि एका गंजलेल्या टाचणीखाली तो अर्ध्या पानाचा पिवळट कागद. १९९१ सालचा, कंपनीच्या वार्षिक तपासणीचा. टाइपरायटरवर बडवलेला, 'ओ' अक्षरांच्या जागी कागदाला चक्क भोकं पडलेली. हिमोग्लोबिन, साखर, युरिया, आणि खाली एक ओळ. सिरम कोलेस्टेरॉल २३२. तिच्यापुढे कंसात नॉर्मल १५० ते २५०. अगदी तळाला लाल शाईत कंपनीच्या डॉक्टरांची तिरकी सही आणि एक शब्द, 'फिट'.

मी शिडीवरच बसले. आई खालून "काय गं, पाल आहे का?" विचारत राहिली.

२३२ नॉर्मल. माझे २१९, म्हणजे त्यांच्याहून १३ने कमी, आणि मला चांदणी. एकाच घराण्याचं रक्त, एकाच मापाचे आकडे, मधे ३४ वर्षं, आणि कागदाने निकाल मात्र उलटा दिलेला. पहिल्यांदा राग आला तो त्या लाल शाईचा. मग विचार केला, त्या डॉक्टरने तरी काय केलं असतं? त्याने समोर छापलेलं वाचलं. माझ्या चिडण्याला माणूसच सापडेना. मग मी त्या दोन आकड्यांवरच चिडायचं ठरवलं. १५० ते २५०. हे ठरवलं कुणी?

उत्तर मिळालं तेव्हा जरा हसूच आलं. प्रयोगशाळेतल्या पुष्कळशा 'नॉर्मल'ची पद्धत अशी होती, अजूनही असते, की वरकरणी धडधाकट दिसणारी बरीच माणसं घ्यायची, त्यांचं रक्त तपासायचं, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के वगळायचे आणि उरलेले ९५ टक्के जिथे बसतात ती पट्टी कागदावर छापायची. म्हणजे नॉर्मल म्हणजे चांगलं नव्हे. नॉर्मल म्हणजे चारचौघांसारखं. गर्दीत उठून न दिसणारं. चारचौघांच्याच रक्तात गडबड असेल तर ती गडबडही नॉर्मल. १९८८मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने ही गर्दीची पट्टी बाजूला ठेवली आणि धोका कुठून वाढतो ते बघून रेघ मारली. २००च्या आत बरं, २०० ते २३९ काठावर, २४०पासून पुढे जास्त. ती रेघ समुद्र ओलांडून, प्रयोगशाळांच्या छापील फॉर्मांपर्यंत झिरपत वागळे इस्टेटला पोचायला वेळ लागला. बाबांचा फॉर्म जुन्या गठ्ठ्यातला होता.

बाबा वागळे इस्टेटमध्ये तीन पाळ्यांत फिटर होते. त्यांच्या खाण्याला नाव ठेवावं असं काही तेव्हा कुणाला दिसलं नसतं. आई साय साठवायची, विरजायची, रवीने घुसळायची आणि पितळीत तूप कढवायची, तेव्हा जिन्यापर्यंत वास यायचा. भांड्याच्या तळाची बेरी साखर घालून आम्हा भावंडांना. पण ते घरचं तूप वरण-भातावर धारेपुरतं आणि देवाच्या निरांजनापुरतं. शिरा, शंकरपाळे, चिरोटे यांना वनस्पती तुपाचा पिवळा डबा. तो रिकामा झाला की तुळस त्यात जायची. रोजचं तेल जांभळी नाक्यावरून सुटं, किटलीत. रेशनवर सणासुदीला पामोलिन यायचं, आणि डिसेंबरात पहाटे बघावं तर बाटलीत खालून पांढरं धुकं धरून बसलेलं असायचं. आई बाटली उन्हात ठेवायची. आम्हाला त्याची गंमत वाटे. बाबा शनिवारी सुटले की मामलेदार कचेरीपाशी मिसळ खायचे, तिथून बिडी ओढत चालत घरी. रविवारी मटण, चरबीचा तुकडा आवर्जून बाबांच्या ताटात, कारण ते राबणारे. आणि संध्याकाळी पाऊस असला तर भजी. 'खाल्लेलं अंगाला लागतं' ही तेव्हा कौतुकाची गोष्ट होती. ज्याच्या अंगाला लागत नसे त्याला जंताचं औषध देत. बाबांच्या अंगाला १९८५नंतर लागायला लागलं, पोट सुटलं, पट्ट्याला घरीच खिळ्याने जास्तीचं भोक पाडावं लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता कसे साहेबासारखे दिसता!"

छातीत दुखायचं ते 'गॅस'ने. हा आपल्याकडचा केवढा मोठा रोग आहे! किती घरांतले कर्ते पुरुष गॅसने गेले असतील देव जाणे. बाबा दोन मजले चढून यायचे, दारात पायताण काढताना छातीवर मूठ दाबून थांबायचे आणि म्हणायचे, "पित्त झालंय जरा." आई ओवा आणून द्यायची. १९९४च्या फेब्रुवारीतही ओवाच दिला.

कोलेस्टेरॉल या शब्दातच पित्त आहे हे मला अलीकडे कळलं. ग्रीकमध्ये कोले म्हणजे पित्त, स्टेरिओस म्हणजे घट्ट. पित्ताशयातल्या खड्यांत सापडलेल्या या मेणचट पदार्थाला हे नाव दिलं शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी. या गृहस्थाने अर्धं आयुष्य चरबी, साबण आणि मेणबत्त्यांचा अभ्यास केला आणि स्वतः १०२ वर्षं जगला. तर बाबा "पित्त झालंय" म्हणत होते ते अगदीच चूक नव्हतं, असं मी मनाशी म्हणून बघितलं. विनोद जमला नाही.

ठाण्यात आता कोलेस्टेरॉल हा गप्पांचा विषय आहे. कचराळी तलावाच्या ट्रॅकवर सकाळी सहाला जा, पुढे चालणाऱ्या दोघांचं बोलणं आपोआप कानावर पडतं. तीस वर्षांपूर्वी माणसं पगार लपवायची, आज एलडीएल उघड सांगतात. "माझं ११०वर आलं." "गोळी कुठली?" "रात्रीची, ती दहाची." एक आजोबा आपला एचडीएल ५८ असल्याचं अशा सुरात सांगतात की जणू नातवाचे टक्के. आणि एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "मला कोलेस्टेरॉल आहे." जणू बाकीच्यांना नसतं. अहो, ते नसेल तर पेशीला भिंत उभी राहायची नाही, अंगात काही हार्मोन बनायचे नाहीत. पण भाषेचं असंच असतं. 'शुगर आहे', 'प्रेशर आहे', तसं 'कोलेस्टेरॉल आहे'. नौपाड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी पिठाची गिरणी, वाणी आणि शिंपी होता. आज गिरणीच्या जागी केकचं दुकान, वाण्याच्या जागी रक्ततपासणीचं कलेक्शन सेंटर आणि शिंप्याच्या जागी औषधाचं दुकान. मधे फक्त भिंती. सेंटरमधला मुलगा सुई टोचताना अजून विचारतो, "काकू, बारा तास उपाशी आहात ना?" आपल्या देशातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४मध्येच सांगून टाकलं की या तपासणीला सरसकट उपाशी राहायची गरज नाही. पण उपास म्हटला की आपण तो सोडत नाही, रक्ताचा असला तरी.

त्या फाइलनंतर मी जे वाचत सुटले त्यात मला सगळ्यात जास्त कुणी धरून ठेवलं असेल तर फिनलंडच्या एका जिल्ह्याने. आपलं ठाणे तलावांचं शहर, तो हजार तलावांचा देश. एवढाच काय तो धागा, पण तेवढ्यावर मला तो शेजारचा वाटायला लागला. रशियाच्या सीमेला लागून उत्तर करेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलात लाकूडतोड करणारी, गाई पाळणारी, थंडीत राबणारी दणकट माणसं. आणि १९६०च्या दशकाच्या शेवटी जगात हृदयविकाराने सगळ्यात जास्त प्रमाणात पुरुष मरत होते ते या भागात. चाळिशी-पन्नाशीतले, कर्ते. तिथलं मुख्य धन म्हणजे दूध, त्यामुळे लोणी. पावावर लोणी, भाजीत लोणी, मांसाच्या रश्श्यात लोणी, वर प्यायला सायीचं दूध. दहातले नऊ जण पावाला लोणी फासत. त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल आपल्या मापात सरासरी २६७च्या घरात होतं. सरासरी, बरं का! म्हणजे त्या गावात बाबा २३२ घेऊन गेले असते तर शेजाऱ्यांनी त्यांना काटकुळा म्हटलं असतं, आणि तिथला डॉक्टरही 'फिट' लिहूनच मोकळा झाला असता.

१९७१मध्ये तिथल्या लोकांनी सरकारला अर्ज केला की आमची माणसं मरताहेत, काहीतरी करा. १९७२मध्ये काम सुरू झालं आणि त्याची सूत्रं पेक्का पुस्का नावाच्या २७ वर्षांच्या डॉक्टरकडे दिली. आमच्या पाचपाखाडीच्या डॉक्टरपेक्षाही लहान. त्याने लोकांना नुसती भाषणं दिली असती तर मी हे एवढं लिहीत बसले नसते, भाषणं आपल्याकडेही होतात. तो गावच्या बायकांच्या मंडळांकडे गेला. त्या बायकांनी जुन्याच रश्श्यात मांस कमी करून भाज्या घातल्या, गावजेवणं केली, लोकांना चव दाखवली. सॉसेज करणाऱ्याला गळ घालून चरबीच्या जागी अळंबी घालायला लावली. गाईवाल्यांचं दूध कोण घेणार, म्हणून शेतावर बेरीची झाडं लावायला मदत मिळाली. थंड हवेत येईल अशी मोहरीच्या कुळातली तेलबी लावली, म्हणजे लोण्याऐवजी स्वतःचं तेल. आणि गावागावांत पैज लावली, कुठल्या गावाचं कोलेस्टेरॉल जास्त उतरतं त्याची! मला ते चित्र फार आवडलं. कबड्डीच्या सामन्यासारखं, पण गुण रक्तात मोजायचे. पस्तीस वर्षांत तिथल्या पुरुषांची सरासरी २६७वरून २०९च्या आसपास आली आणि कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू कालांतराने ८० टक्क्यांहून जास्त घटले. गोळ्यांचा हातभार पुढे लागला, पण उतार लागला होता तो आधीच, ताटातून.

आई हे सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे त्यांनी लोणी सोडलं आणि आपण धरलं."

ती बोलली ते थट्टेत, पण जगाच्या हिशेबात ते जवळजवळ तसंच आहे. २०२०मध्ये एक अवाढव्य अभ्यास प्रसिद्ध झाला. २०० देश, १०२६ लाख माणसं, १९८० ते २०१८ एवढा काळ. त्यात जगाची सरासरी काढली तर ती या ३८ वर्षांत जवळजवळ हललेलीच नाही. वाटावं, काही घडलंच नाही. पण आत बघितलं तर ती सी-सॉची फळी आहे. मधला खुंटा जागच्या जागी, एक टोक खाली गेलेलं आणि दुसरं वर. युरोप-अमेरिकेतलं उतरलं, आशियातलं, विशेषतः पूर्वेकडचं आणि आग्नेयेकडचं चढलं. १९८०मध्ये सगळ्यात वर बेल्जियम, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे ही मंडळी होती. २०१८मध्ये मलेशिया, थायलंड, फिलिपिन्स. अमेरिकेतल्या मोठ्या माणसांची सरासरी १९६०च्या सुमारास २२२ होती, चाळीस वर्षांत २०३ झाली. त्यांची पट्टी बदलली तसं त्यांचं रक्तही बदललं. आपल्याला पट्टी आयती मिळाली, आणि रक्त उलट्या दिशेला चाललंय. त्यांची जुनी रोगराई जहाजातून उतरवून घ्यावी तशी आपण घेतली की काय, असं एकदा मनात आलं. पण हेही खरं की जे बदललं त्यातलं किती तरी आम्ही हौसेने मागितलं होतं. पिवळा डबा आम्हाला कुणी बळजबरीने दिला नव्हता. तो घरात असणं म्हणजे बरे दिवस. त्यातल्या ट्रान्स फॅटने, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीने, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कमी होतं, दोन्हीकडून मार, हे पुष्कळ पुढे कळलं. खाण्याच्या तेला-तुपात ते २ टक्क्यांच्या वर नको असा नियम लागू झाला जानेवारी २०२२मध्ये. तोवर आमच्या डब्यांतल्या तुळशी कितीदा बदलल्या.

आपल्या देशातले आकडे मी जरा भीतभीतच उघडले. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मोठ्या पाहणीचा पहिला टप्पा, त्यात महाराष्ट्रही होता, २०१४मध्ये छापून आला. रक्तातल्या चरबीचा एक तरी आकडा बिघडलेली माणसं शंभरात ७९. एकूण कोलेस्टेरॉल २००च्या वर असलेली मात्र १४च. २०२३मध्ये सगळ्या देशाचं चित्र आलं त्यात ही संख्या २४ आहे. दोन्हींतले प्रदेश वेगळे, त्यामुळे सरळ वजाबाकी करून 'दहा टक्के वाढ' म्हणणं योग्य नाही, तरी कल कुठे आहे ते उघड आहे. पण मी अडकले ती दुसऱ्याच ओळीपाशी. एचडीएल, ते ट्रॅकवरच्या आजोबांचं लाडकं, कमी असलेली माणसं शंभरात ७२. बहात्तर! म्हणजे माझा तो खाली जाणारा बाण रेल्वेच्या डब्यातल्या प्रत्येक चार माणसांतल्या जवळजवळ तिघांना आहे. हीच माणसं घेऊन जुन्या पद्धतीने पट्टी काढली असती तर माझे ४४ ऐटीत नॉर्मल ठरले असते. कुणी बाण काढला नसता. कुणी लाल शाईने 'फिट' लिहिलं असतं. आपल्या लोकांची ही तऱ्हाच आहे म्हणतात, एकूण आकडा बेताचा, पण चांगलं कमी आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, चढं. भात, पोळी, साखर, बसून काम. लोण्याचे दोष फिनलंडवाल्यांनी दाखवले, पण आपल्या चहातल्या दोन-दोन चमचे साखरेचं काय, हे आपलं आपल्यालाच बघायचंय.

मग आईचा रिपोर्ट. तिचाही काढला होता, माझ्याबरोबरच. वय ७८, जन्मभर साजूक तूप, आयुष्यात एकदाही वॉक नाही, आणि कोलेस्टेरॉल १८१. गोळी नाही. रिपोर्ट हातात घेऊन ती जे हसली! "तूप खाल्लं की रूप येतं," म्हणाली. हे असं एक माणूस प्रत्येक घरात असतंच, आणि ते सगळी आकडेवारी मोडीत काढायला पुरतं. सगळं विज्ञान एकीकडे आणि "आमचे आजोबा ९० वर्षं बिडी ओढायचे" एकीकडे. माझी चिडचिड झाली. मग जेफ्री रोझ या ब्रिटिश डॉक्टरने १९८५मध्ये मांडलेलं म्हणणं वाचनात आलं आणि मी जरा थंडावले. तो म्हणतो ते साधारण असं की, याच माणसाला आजार का झाला आणि या गावात हा आजार एवढा का आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि एकाच्या उत्तरात दुसऱ्याचं उत्तर सापडत नाही. हृदयविकार झालेल्यांचे आणि न झालेल्यांचे कोलेस्टेरॉलचे आकडे शेजारी शेजारी मांडले तर दोन ढीग एकमेकांत मिसळलेले दिसतात. फार चढ्या आकड्याची माणसं थोडी असतात. मधल्या आकड्याची पुष्कळ. म्हणून मरणारे पुष्कळसे त्या मधल्या, बऱ्या, नॉर्मल दिसणाऱ्या गर्दीतूनच जातात. कोण जाईल ते आकडा सांगत नाही. सबंध गर्दी थोडी खाली सरकली तर कमी जातात, एवढंच सांगतो.

बाबा त्या गर्दीतून गेले.

एक गोष्ट वाचायला नको होती असं वाटतं. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने हजारो बुरशा तपासून १९७३मध्ये कोलेस्टेरॉल उतरवणारा पदार्थ शोधला होता. त्या जातीची पहिली गोळी १९८७मध्ये अमेरिकेत बाजारात आली. पण गोळीने माणूस जास्त जगतो का, यावर डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. ते झालं एका मोठ्या चाचणीनंतर. फिनलंडसह उत्तरेकडच्या पाच देशांतले ४४४४ रुग्ण, छातीत कळ येणारे किंवा अटॅक येऊन गेलेले, कोलेस्टेरॉल २१२ ते ३०९ या दरम्यान. गोळी घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. बाबांचे २३२ त्या पट्टीत अगदी आरामात बसत होते. छातीत कळही येत होती, तिचं नाव फक्त गॅस होतं. तो निष्कर्ष छापून आला नोव्हेंबर १९९४मध्ये. आम्ही त्या महिन्यात नऊ महिन्यांचे बिनबाबांचे झालो होतो, आणि आई दिवाळीचे शंकरपाळे करायचे नाहीत म्हणून रिकामा ओटा पुन्हा पुन्हा पुसत होती. त्यांना ती गोळी मिळाली असती, असं मी म्हणत नाही. कागदावर 'फिट' असलेल्या फिटरला ती १९९४च्या ठाण्यात कोण देणार होतं?

आईला कागद दाखवावा की नाही यावर मी आठवडाभर घालवला. तिच्याकडे तो एक शब्द होता आणि त्याच्या आधाराने तिने सगळं निभावलं होतं. शेवटी तिनेच फाइल मागितली, पीएफची स्लिप बघायला. चष्मा लावून तिने पान उलटलं, कागद वाचला, लाल सहीवरून बोट फिरवलं. "बघ," म्हणाली, "नॉर्मल." मी काही बोलले नाही. तुळशीला पाणी घालायला गॅलरीत गेले. डबा आता प्लास्टिकचा आहे.

दुसऱ्या खेपेला मी तो कागद प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून दवाखान्यात नेला. गणपतीपुढे आता ताजी जास्वंद होती. डॉक्टरने पाऊच उजेडात धरला, 'ओ'च्या भोकांतून पलीकडचा ट्यूबलाइट दिसत होता. "१९९१," तो म्हणाला, "माझ्या जन्माच्या आधीचं." मग पट्टी वाचली आणि क्षणभर गप्प झाला. मला वाटलं, काहीतरी समजुतीचं बोलणार. पण तो गुणी मुलगा, त्याने कीबोर्ड पुढे ओढला. माझ्या नावाखाली घरच्या इतिहासाची एक चौकट होती, ती मागच्या वेळी अर्धी राहिली होती. वडील, ५१, असं आधीच भरलेलं. शेजारच्या रकान्यात त्याने टाइप केलं, २३२.

आकडा उमटला आणि आपोआप लाल झाला.

"रात्री किती वाजता जेवता?" त्याने विचारलं.